सपाट प्रदेशातली चढण

२०१८ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटन खात्याने एक घोषवाक्य काढलं. त्याचा मथितार्थ असा, की 'खरं सांगायचं तर, हे सगळ्यांसाठी नाही.' त्याआधी एका पाहणीत 'कुठल्या राज्यात फिरायला जायला आवडेल' या प्रश्नावर नेब्रास्का सलग चार वर्षं शेवटचं आलं होतं. दुसरं एखादं खातं असतं तर त्याने पाहणीच खोटी ठरवली असती, नाहीतर एखाद्या नटीला करारबद्ध केलं असतं. यांनी नापासाची गुणपत्रिका चौकट करून दर्शनी दारावर टांगली. हे वाक्य लिहायला त्यांनी सदाशिव पेठेतून माणूस नेला असावा असा मला दाट संशय आहे. गिऱ्हाईक येऊच नये म्हणून पाटी लावायची, आणि आलंच तर 'आम्ही आधीच सांगितलं होतं' म्हणायला मोकळं.

या राज्यातल्या ओमाहा शहरात माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं राहतो. यंदा भावजयीला न्यू जर्सीत नोकरी चालून आली आणि घरात दोन पक्ष पडले. भाऊ म्हणतो, इथेच राहू. भावजय म्हणते, न्यू जर्सीत मराठी नाटकं येतात, ओली हळद मिळते आणि क्षितिज दिसत नाही. ती माहेरची इगतपुरीची. कळसूबाई आपल्याच मागच्या दारात आहे अशा थाटात बोलणारी. चारी बाजूंना डोंगर नसले की तिला घराला भिंती नाहीत असं वाटतं. अकरा वर्षांचा भाचा तटस्थ, म्हणजे जिकडे वायफाय तिकडे. मी निवृत्त भूगोल शिक्षिका, मुक्काम सातारा, आणि उन्हाळाभर त्यांच्याकडे राहायला आलेली. "आक्का, तूच सांग," भाऊ म्हणाला. "आक्का, तुम्हीच न्याय करा," भावजय म्हणाली. न्यायाधीशाला दोन्ही पक्षांकडून जेवण मिळत असेल तर खटला लांबवण्यात शहाणपण असतं. मी म्हटलं, "आधी जागेची पाहणी करू."

नोकरीभर मी 'समशीतोष्ण गवताळ प्रदेश' हा धडा शिकवला. प्रेअरी, स्टेप, पंपास, व्हेल्ड, डाउन्स. जोड्या लावा, पाच गुण. प्रेअरीची आकृती फळ्यावर काढायला सगळ्यांत सोपी, एक आडवी रेघ मारली की झालं. इथे येऊन बघते तर माझी आकृती अगदी बरोबर.

पण विमानातून खाली पाहिलं तेव्हा या रेघेवर कुणीतरी कंपास घेऊन बसल्यासारखं दिसलं. चौकोनी जमिनी आणि त्यांत हिरवीगार वर्तुळं. भावाने नंतर उलगडा केला. एकशे साठ एकरांच्या चौरसात मधोमध विहीर असते, तिच्याभोवती चाकांवरचा लांबलचक नळ घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि पाणी शिंपत जातो. चौरसात वर्तुळ बसवलं की चार कोपरे उरतात. मी मनात गणित केलं. चार कोपरे मिळून तीसेक एकर. आमच्याकडे हातभर बांधासाठी सख्खे भाऊ तिसऱ्या पिढीपर्यंत कोर्टात जातात. इथे माणूस तीस एकर 'नळ पोचत नाही' म्हणून सोडून देतो आणि रात्री शांत झोपतो. १८२० मध्ये स्टीफन लाँग नावाच्या फौजी अधिकाऱ्याने हा मुलूख फिरून पाहिला आणि त्याच्या मोहिमेच्या नकाशावर 'अमेरिकेचं महान वाळवंट' असं नाव पडलं. बिचाऱ्याने वर पाहिलं, समोर पाहिलं, खाली पाहायचं तेवढं राहिलं. पायाखाली ओगलाला नावाचा अफाट भूजलसाठा होता. तो आठ राज्यांखाली पसरलेला आहे आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काच्या वाट्याला आलंय. कॅन्ससमध्ये नि टेक्ससमध्ये ते उपसून उपसून खाली चाललंय. भाऊ हे सांगताना असा चेहरा करतो, जसं काही पाणी त्याने स्वतः भरून ठेवलंय.

या लोकांची दिशांची बातच वेगळी. रस्ते मैलामैलावर काटकोनात आखलेले, त्यामुळे डावं-उजवं हा प्रकार कुणाच्या तोंडी नाही. पत्ता विचारला की 'दोन मैल उत्तरेला, एक मैल पश्चिमेला'. भावाला ही लागण इतकी झालीय की स्वयंपाकघरातही तो म्हणतो, "आक्का, मीठ पूर्वेच्या कपाटात आहे." मी भूगोलाची, मला सापडलं. भावजय अजून सगळी कपाटं उघडते.

भावजयीचा हुकमी मुद्दा हवेचा. या राज्यातलं आजवरचं सर्वाधिक तापमान ११८ अंश फॅरनहाइट, सर्वांत कमी उणे ४७. आता एकशे पासष्ट अंश मावतील असं कपड्यांचं कपाट कुणाकडे असतं? शेजारच्या साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात २२ जानेवारी १९४३ च्या सकाळी दोन मिनिटांत पारा उणे ४ वरून ४५ अंशांवर गेला. स्वेटरचं पहिलं बटण लावताना हिवाळा होता, शेवटचं लावेपर्यंत तो संपला. त्याच राज्यात व्हिव्हियन नावाच्या गावी २०१० मध्ये आठ इंच व्यासाची, पावणेनऊशे ग्रॅमची गार पडली. नेब्रास्कात सहसा एवढी मोठी नाही पडत, पण मोटारीचं टप चेपेल अशी पडते. भावाच्या गाडीवर तिच्या खुणा आहेत. विमा कंपनीने त्यांचं इतकं बारकाईने मोजमाप केलं की त्या अवधीत दुसरी गारपीट झाली. मग कुठला खळगा कुठल्या वादळाचा, यावर वाद सुरू झाला.

उन्हाळ्यात मका घाम गाळतो. हे मी विनोदाने म्हणत नाही, इथली माणसं खरंच तसं म्हणतात. मैलोन्मैल उभा असलेला मका पानांतून बाष्प सोडतो आणि जुलै-ऑगस्टात हवा अशी चिकट होते, की समुद्रापासून हजार मैल दूर बसून मला रत्नागिरीची आठवण यावी. फक्त मासे नाहीत.

आणि चक्रीवादळं. ओमाहात दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी भोंग्याची चाचणी होते. त्यामुळे एखाद्या वादळाला डोकं असेल तर ते बुधवारीच येईल, कुणी जागचं हलणार नाही. जूनमध्ये एका संध्याकाळी मात्र भोंगा खरा वाजला, तोही बुधवार नसताना. भावजयीने विजेच्या वेगाने पासपोर्ट, दागिने, भाचा आणि मी अशा क्रमाने सगळं तळघरात हलवलं. देवघर तिने पहिल्यापासून तळघरातच ठेवलंय, कारण वादळात देवांना खाली न्यायला वेळ मिळेलच असं नाही. माणसं मोजली तर भाऊ गायब. जिन्यातून हाका मारल्या, उत्तर नाही. शेवटी छोट्या खिडकीतून दिसलं. भाऊ बाहेर हिरवळीवर उभा, शेजारी डावीकडचे, शेजारी उजवीकडचे, सगळे खिशात हात घालून आभाळाकडे बघतायत. भोंगा वाजला की बायकामुलांनी खाली जायचं आणि पुरुषांनी अंगणात जाऊन वादळाची गुणवत्ता तपासायची, असा इथला रिवाज. "हिरवट दिसतंय," एक शेजारी म्हणाला. दुसऱ्याने मान हलवली, "२००४ चं वेगळं होतं." २००४ च्या मे महिन्यात लिंकन शहराच्या दक्षिणेला हॅलम गावावरून जे वादळ गेलं त्याचा पट्टा अडीच मैल रुंद होता. हे ज्याने पाहिलंय तो पुढच्या प्रत्येक वादळाकडे जुन्या तमाशाच्या रसिकासारखा नाक मुरडून बघतो. त्या संध्याकाळचं वादळ उत्तरेला निघून गेलं. शेजाऱ्यांनी निरोप घेतला, म्हणजे घ्यायला सुरुवात केली. 'बरं, निघतो' म्हटल्यावर दाराशी अर्धा तास, मग फाटकाशी पाव तास, मग गाडीची काच खाली करून आणखी थोडं. त्या क्षणी माझ्या मनात या प्रदेशाबद्दल पहिल्यांदा आपुलकी उत्पन्न झाली. ही माणसं आपलीच.

तर पाहणीला निघालो. राज्य पूर्व-पश्चिम आडवं पार करायचं असा बेत. नेब्रास्का आकाराने महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. माणसं मात्र अख्ख्या राज्यात मिळून वीस लाखांच्या आसपास. गुरं त्याच्या जवळपास तिप्पट. उद्या गुरांना मताचा हक्क मिळाला तर सरकार त्यांचंच. तसं विधिमंडळही इथलं जगावेगळं. अमेरिकेतल्या बाकी सगळ्या राज्यांत दोन सभागृहं, इथे १९३७ पासून एकच. सदस्य ४९ आणि निवडणूक पक्षाच्या चिन्हाविना. मंदीच्या काळात जॉर्ज नॉरिस नावाच्या सिनेटरने लोकांना पटवलं की एकच काम दोन घरांत करण्यात पैसा जातो. शिवाय वीज सगळी सार्वजनिक मालकीची. भांडवलशाहीच्या गाभ्यात बसून हे लोक सरकारी वीज वापरतात आणि ती जात नाही! हे ऐकून मी पाहणीच्या नोंदवहीत 'जमेची बाजू' या सदरात दोन वेळा लिहिलं.

"आणि घरं स्वस्त," भाऊ म्हणाला. "वॉरन बफे अजून त्याच घरात राहतो. १९५८ साली साडेएकतीस हजार डॉलरला घेतलेलं. आपल्यापासून पंधरा मिनिटं. सगळंच पंधरा मिनिटं."

"त्याला कंटाळा आला तर त्याच्याकडे विमान आहे," भावजय मागून म्हणाली.

आंतरराज्य महामार्ग ८० हा नेब्रास्कातून साडेचारशे मैल जातो. लिंकन सोडल्यावर ग्रँड आयलंडपर्यंत सत्तरेक मैल रस्ता सुतात सरळ. भावाने गाडीचा वेग ठरवून दिला, पाय काढून घेतला आणि हात नुसता चाकावर ठेवला. डावीकडे मका, उजवीकडे सोयाबीन. तासाभराने डावीकडे सोयाबीन, उजवीकडे मका. "बदल झाला," भाचा म्हणाला. खंबाटकी घाट उतरताना ज्यांचा जीव मुठीत असतो त्यांनी हा रस्ता एकदा चालवून पाहावा. इथे अपघाताचं भय नाही, झोपेचं आहे, आणि दोन्हींचा शेवट एकच.

कर्नी गाव आलं तसा भावाला कंठ फुटला. त्याने गाडी प्लॅट नदीकाठी नेली. मैलभर रुंद आणि इंचभर खोल, अशी या नदीची ख्याती. "आक्का, हे बघ." मी पाहिलं. वाळू, चार बोटं पाणी, पलीकडे अजून कापणीला न आलेलं शेत. "इथे," तो हात पसरून म्हणाला, "मार्चमध्ये पाच लाखांहून जास्त क्रौंच पक्षी उतरतात. जगातले बहुसंख्य सँडहिल क्रौंच. दिवसभर शेतात सांडलेले मक्याचे दाणे खातात, रात्री या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, म्हणजे कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो. पहाटे सगळे एकदम उठतात ना, तेव्हा..." आम्ही चौघं ऑगस्टच्या उन्हात रिकाम्या आभाळाकडे बघत उभे राहिलो. ही या राज्याची खरी अडचण. जे काही भव्य आहे ते एकतर नुकतंच होऊन गेलेलं असतं किंवा यायचं असतं. भावजयीने वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे बाजूत लिहू नका आक्का, पुरावा हजर नाही."

जेवायला एका रस्त्याकडेच्या खाणावळीत थांबलो. १९५६ पासून काही वर्षं इथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरच 'बीफचं राज्य' असं छापलेलं असायचं. शाकाहारी माणसाने यावरून काय ते समजावं. भावजयीने वाढणाऱ्या मुलीला विचारलं, "मांस नसलेलं काय आहे?" मुलगी मनापासून विचारात पडली. आत जाऊन कुणालातरी विचारून आली आणि आनंदाने म्हणाली, "चिकन!" शेवटी सॅलड मागवलं, त्यावर डुकराच्या मांसाचा चुरा भुरभुरलेला. तो काढून मागितला तर तिने इतक्यांदा माफी मागितली की आम्हालाच अपराधी वाटलं आणि बक्षिशी जास्त दिली. मी मिश्राहारी, मला रंझा नावाचा प्रकार ठाऊक होता. व्होल्गाकाठून आलेल्या जर्मन लोकांनी इथे आणलेला, कोबी, कांदा आणि मांस भरलेला बंद पाव. भावजय घरी त्यात कोबी-बटाटा भरते आणि तो डोंबिवलीच्या कुठल्याही बेकरीत खपेल. पण या लोकांच्या एका जोडीचं कोडं मला सुटलेलं नाही. तिखट राजम्याच्या रश्श्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. शाळेच्या डब्यापासून ही सवय. भाचा रोल रश्श्यात बुडवतो. मी तोंड फिरवते, पण मग आठवतं की आपण जिलबी मठ्ठ्याबरोबर खातो, आणि गप्प बसते.

कर्नीहून उत्तरेला वळून राज्य महामार्ग २ धरला आणि माझ्या फळ्यावरच्या आकृतीला पहिला तडा गेला. सपाटी संपली. गवताच्या टेकड्या सुरू झाल्या, एकामागून एक, मावळतीपर्यंत. यांना सँडहिल्स म्हणतात. राज्याचा चौथा हिस्सा व्यापून बसलेल्या या मुळात वाळूच्याच टेकड्या. वरचं गवत मुळांनी वाळू धरून आहे. नांगर लावला की टेकडी उडून शेजारच्या तालुक्यात. म्हणून इथे शेती नाही, गुरंच. झाडांची इतकी वानवा, की झाडं लावण्याचा सण याच राज्याने १८७२ मध्ये काढला आणि हॅल्सी गावाजवळ चक्क हातांनी रोपं लावून एक राष्ट्रीय जंगल उभं केलं. वनखात्याने लावलेलं जंगल नकाशावर आहे आणि जागेवरही आहे, हे मी उतरून, झाडाला हात लावून खात्री करून घेतलं.

रस्त्यालगत रूळ. वायोमिंगच्या खाणीतून कोळसा घेऊन येणाऱ्या गाड्या, शंभराहून जास्त डबे, मोजता मोजता भाचा झोपला. समोरून दर दहा मिनिटांनी एखादी गाडी येई आणि तिचा चालक चाकावरून तर्जनी उचले. भाऊही उचले.

"ओळखीचे का रे?"

"नाही."

"मग?"

"आक्का, वीस मैलांत दोनच माणसं आहोत. ओळख कसली बघायची?"

नंबरप्लेटवरून तो जिल्हा सांगे. आपल्या एमएच-११ सारखाच इथे जिल्ह्याचा आकडा असतो. पण तो १९२२ साली कुठल्या जिल्ह्यात किती मोटारी होत्या त्या क्रमाने दिलेला, एक ते त्र्याण्णव. ओमाहाच्या जिल्ह्याला एक मिळाला होता. त्र्याण्णवावा हूकर, म्हणजे मोटारींत सगळ्यांत मागे. आम्ही मुक्कामाला त्याच जिल्ह्यात, मुलन गावी, पोचलो. वाटेत घड्याळ एक तास मागे गेलं, कारण राज्याच्या मधून कालविभागाची रेघ जाते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला एक तास परत दिला. मी तो झोपण्यात घालवला.

सकाळी नदीवर. मिडल लूप नदीत इथली माणसं एक खेळ खेळतात. गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा गोल हौद घ्यायचा, त्यात बाकडी टाकायची, चार-सहा माणसांनी बसायचं आणि प्रवाहावर सोडून द्यायचं. वल्ह्याचा उपयोग फार नाही, कारण गोल वस्तूला पुढची बाजू नसते. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत या हौदाचं चित्र आहे, खाली ओळ अशी, की सुदैवाने इथे करण्यासारखं काही नाही. मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसं पुरात गुळाच्या काहिलीत बसून पैलतीर गाठत आली आहेत. आम्ही ते गरज म्हणून केलं. यांनी त्याचं भाडं लावलं.

हौद गोल गोल फिरत निघाला. टेकड्या फिरत होत्या, गुरं फिरत होती, भावजय फिरत होती. भांडणाला इतकी गैरसोयीची जागा मी दुसरी पाहिली नाही. भावाने मुद्दा मांडायला तोंड उघडावं तर तोवर त्याची पाठ आणि नदीचा काठ समोर. "मोनोवीला जाऊन राहू या मग," भावजय एका फेरीत म्हणाली. मोनोवी हे याच राज्यातलं गाव. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या एक. ती एकटी बाईच महापौर, कारकून, ग्रंथपाल आणि गुत्त्याची मालकीण. दारूच्या परवान्यासाठी अर्ज तिनेच करायचा आणि मंजूरही तिनेच. कर तिनेच लावायचा, तिनेच भरायचा. मला तर ही आदर्श ग्रामपंचायत वाटली. भावकी नाही, बांध नाही, अविश्वास ठराव नाही. पण खेड्यांचं रिकामं होत जाणं ही विनोदाइतकीच खरी गोष्ट आहे. शेतं मोठी होतात, यंत्रं मोठी होतात, शाळेतली मुलं कमी होतात. वाटेत आम्ही अशी गावं पाहिली, जिथे धान्याचं कोठार सात मजली आणि दुकान एकही उघडं नाही.

आणि हा मुलूख रिकामा होता म्हणून लोक आले, हेही अर्धंच. १८६२ च्या कायद्याने सरकारने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला एकशे साठ एकर जवळजवळ फुकट दिले. पहिल्या दाव्यांपैकी एक याच राज्यात बीॲट्रिसजवळ १ जानेवारी १८६३ ला नोंदला गेला. पण इथे पॉनी, पोंका, ओमाहा, लकोटा या मूळ रहिवासी जमाती राहत होत्या. पोंका लोकांना दक्षिणेला हाकललं. तिथे मुलगा वारला तेव्हा त्याला आपल्या मातीत पुरायला त्यांचा मुखिया स्टँडिंग बेअर भर हिवाळ्यात चालत परत आला, आणि त्याला अटक झाली. १८७९ मध्ये ओमाहाच्या कोर्टाला निकाल द्यावा लागला, की कायद्याच्या दृष्टीने इंडियन हाही माणूस आहे. 'नेब्रास्काची माणसं फार चांगली' असं भाऊ दर दहा मैलांनी म्हणत होता. चांगली आहेतच, हिवाळ्यात शेजारी न सांगता भावाच्या दारातला बर्फ काढून जातो. पण मी शिक्षिका. मी त्याला एवढं सांगितल्याशिवाय राहिले नाही. तो हौदातून उतरेपर्यंत काही बोलला नाही.

अलायन्स गावाबाहेर एका माणसाने १९८७ मध्ये ३९ जुन्या मोटारी करड्या रंगवून, शेपटीवर उभ्या गाडून, इंग्लंडच्या स्टोनहेंजची प्रतिकृती केली आहे. आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ! वडिलांच्या नावाने पाणपोई घालतात हे मला माहीत होतं. भावजयीला मात्र जागा एकदम आवडली. "निदान काहीतरी उभं आहे," ती म्हणाली.

शेवटचा मुक्काम भावाने गुप्त ठेवला होता. पश्चिम टोकाला, जिथे वायोमिंग आणि कोलोरॅडोच्या सीमा मिळतात, तिथे कच्च्या रस्त्याने गाडी एका खासगी कुरणात शिरली. फाटकाशी पेटीत माणशी काही डॉलर टाकायचे. आत गवे. म्हणजे अमेरिकी बायसन, मोटारीएवढे, रस्त्यातच उभे. त्यांनी आम्हाला जाऊ द्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही गेलो. पुढे एक दगडी खूण, शेजारी नाव लिहायची वही. चारी बाजूंना गवत, लांबवर पवनचक्क्या, भन्नाट वारा. गाडीचा गिअर काही बदललेला मला जाणवला नव्हता.

"पॅनोरमा पॉइंट," भाऊ म्हणाला. "नेब्रास्काचं सर्वोच्च शिखर."

"कुठाय?" भावजयीने चहूकडे पाहिलं.

"तू उभी आहेस ते."

"हे?"

"पाच हजार चारशे चोवीस फूट." मग थोडं थांबून, पूर्वतयारी करून आलेल्या वकिलासारखा तो म्हणाला, "कळसूबाई पाच हजार चारशे."

मला ताबडतोब पटलं. ओमाहापासून रस्ता कुठेच चढला नाही असं वाटतं, पण हे राज्य सबंध एक लांब उतार आहे, पूर्वेच्या नदीकाठापासून पश्चिमेला चार हजार फुटांहून जास्त चढत गेलेला. शेकडो मैलांत पसरल्यामुळे कुणाला दम लागत नाही आणि कुणी फोटो काढत नाही. भावजयीला मात्र हे पटायचं कारण नव्हतं. बारी गावातून पहाटे निघून, लोखंडी शिड्या चढून, देवीच्या देवळापाशी धापा टाकत बसलेली ती. तिने आयुष्यात कमावलेल्या एकुलत्या एका उंचीवर नवऱ्याने एअरकंडिशन लावून, गाणी ऐकत, मोटार नेली होती.

"हे मला मान्य नाही," ती म्हणाली. "शिखराला चढ लागतो."

"समुद्रसपाटीपासून मोजतात."

"समुद्र कुठाय इथे? हजार मैल लांबून कसली मापं घेता?"

"आक्का, तू सांग," भाऊ म्हणाला.

"आक्का, तुम्ही सांगा," भावजय म्हणाली.

निर्णय देण्यासाठी दोघं माझ्याकडे बघत होते. तिघेचौघे गवेही. मी निकाल राखून ठेवला. भावजयीने नावांची वही ओढली आणि खणखणीत देवनागरीत लिहिलं: 'शिड्या नाहीत, देऊळ नाही, चहा नाही. इगतपुरी.' वाचून तिचं तिलाच बरं वाटलं असावं, कारण तिने तो फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकायचा प्रयत्न केला. रेंज नव्हती. फोन उंच धरून ती शिखरभर फिरली, आणि पाहता पाहता या दगडापासून त्या कुंपणापर्यंत सगळं पठार तिने पायाखाली घातलं. परतली तेव्हा गाल वाऱ्याने लाल झाले होते. न्यू जर्सीतली सर्वांत उंच जागा किती फुटांवर आहे, असं तिने भावाला अगदी सहज विचारलं.

"अठराशे," भाऊ म्हणाला, आणि बराच वेळ गवत निरखत राहिला.

"चला," मी म्हटलं, "गवे रस्ता अडवायच्या आत खाली उतरू."

भाच्याने एकदा पूर्वेला पाहिलं, एकदा पश्चिमेला.

"आत्या," तो म्हणाला, "खाली कुठल्या बाजूला आहे?"